जानेवारीचा रकाना

जानेवारी लागला की रिग्झिन लडाखच्या हवामान केंद्रातल्या नोंदवहीत महिनाभराची उणे चिन्हं आधीच मारून ठेवायचा. रीत वडिलांचीच. बाहेर बोटं बधिर होतात, तेवढंच लिहिणं कमी.

यंदा पहिल्याच सकाळी पारा शून्याच्या दोन अंश वर दिसला. त्याने चिन्हापुढे गुपचूप दोनचा आकडा लिहिला. वडिलांच्या तीस वर्षांच्या वह्यांत एकही खाडाखोड नव्हती.

वही घेऊन घरी आल्यावर शेगडीपाशी बसलेल्या आंधळ्या आईने रोजच्यासारखं विचारलं, "आज किती?"

"उणे दोन."

आई बराच वेळ कान देऊन बसली. मग हलकेच म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या जानेवारीत छप्पर कधी गळलं नव्हतं, बाळा."

टप. टप.

रिग्झिनने वही उघडून चिन्ह खोडलं. खाली आणखी तीस उणे चिन्हं ओळीने आडवी पडली होती.