चालू रेकॉर्डर

शेजारीण मार खात असताना लोक गप्प का बसतात, हे शोधायला तरुण मानसशास्त्रज्ञ रेणूला अनुदान मिळालं होतं. मुलाखत घेताना मध्ये पडायचं नाही, ही अट. आमच्या दवनीवाडा गावात माझ्या चुलीपाशी तिनं रेकॉर्डर चालू केला आणि भिंतीपलीकडे कैलाशनं बायकोला बडवायला घेतलं, जणू त्यालाही आमंत्रण होतं. “काकी, हे ऐकून काय वाटतं?” “कायले विचारून राहिलीस? रोजचंच. चहा घे.” पलीकडून भिंतीवर डोकं आदळलं, तशी इकडे भांडी कोसळली. मग किंकाळ्याच थांबल्या. मी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं, पलीकडे धावले आणि कुऱ्हाड उगारलेल्या कैलाशच्या मनगटावर हाणलं. कुऱ्हाड पडली. अट विसरून रेणूनं रक्ताळलेल्या बायकोला बाहेर ओढलं. “आजच कशा उठलात, काकी?” रेणूनं विचारलं. “आज माझं गप्प बसणं तुझ्या मशीनमध्ये जाऊन राहिलं होतं, पोरी.”