कियोएची फोड

पितरांच्या बोन सणाला चढा भाव मिळावा म्हणून तोकुजी पिकणं लांबवणारा फवारा मारून खरबुजं वेलीवरच थोपवून धरायचा. हातमोजे घालून ती पुसण्यात त्याच्या बायकोचा, कियोएचा, जन्म गेला. तिच्या ताटात मात्र कायम खुडून टाकलेल्या कोवळ्या खरबुजांचं लोणचं.

अंथरुणाला खिळल्यावर ती म्हणाली, "अहो, एकदा तरी पिकलेली फोड द्या ना."

"दम धर की जरा! आत्ता कापलं तर काकडीसारखं लागेल."

कियोए गेली त्याच दिवशी फळ घमघमलं. तिला पोचवून आलेल्या मंडळींनी हनुवटीवरून रस ओघळेस्तोवर खाल्लं. "तोकुजीसान, वेळ अगदी अचूक साधलीत हं!"

डोळे पुसत तोकुजीने तिच्या फोटोपुढे लोणच्याची वाटी ठेवली. "तिला हेच फार आवडायचं."