मांजरांचं कालवण

सुट्टी संपवून सांगलीहून व्हिएतनामला परतलेल्या शर्वाणीनं बॅग उघडायच्या आतच शेजारच्या होआआजी डबा घेऊन दारात हजर.

पुन्हा कालवण, शर्वाणीच्या मनात आलं. इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्यापासून दर रविवारी आजींकडून मासळीचं कालवण यायचं. "मी मासे खात नाही" म्हणायला तिची जीभ रेटत नसे. मग कालवण जिन्याखालच्या मांजरांना, आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आईची शिकवण म्हणून त्यात मूठभर साखर. वर "फार छान झालं होतं!"

आज मात्र डब्यात उकडलेली रताळी होती.

शर्वाणीनंच शिकवलेल्या मोडक्या इंग्रजीत आजी म्हणाल्या, "तू गावाला गेली. रविवारी सगळी मांजरं माझ्या दारात." आणि हसल्या. "मला सांगायचं ना, पोरी."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. साखर हुडकायचं सोडून ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि एकेक रताळं आजींच्या डोळ्यांदेखत संपवत गेली.

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं कुणाचा डबा रिकामा परत केला.