सुई

पाचगणीच्या थंडीत अंगणातला हवा भरून फुगवायचा टब सकाळी मऊ पडला होता. गरम पाण्यात बसायला येणारे पाहुणे दुपारी पोचणार होते, आणि आतलं पाणी जेमतेम कोमट.

"आई, काल टबाशेजारीच बसून गोधडी शिवत होतात ना? टोचली असणार सुई!" ऋजुता सासूबाईंवर कडाडली, तेही कामवाल्या बाईंसमोर.

सासूबाई साबणाचा फेस करून, गुडघे टेकून टबाला चोळत राहिल्या. भोक असेल तिथे बुडबुडा येईल म्हणून. कुठेच येईना.

शेवटी ऋजुतानं टब विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. "भोक नाही हो ताई, गारठ्यानं आतली हवा आकसते," तो म्हणाला. "थोडी पंपानं भरा. आणि पाणी तापायला हवं असेल तर वर जाड पांघरूण घाला."

पांघरूण आणायला ती खोलीत गेली. सासूबाईंच्या नव्या गोधडीत सुई अजून तशीच खोचलेली होती. तिनं गोधडी पलंगावर पसरली.

ती गोल होती. बरोबर टबाएवढी.

ऋजुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगणात सासूबाई अजून भोक शोधत होत्या.