कांदा लाल होईपर्यंत

"कांदा पडला. आता लाल होईपर्यंत कुणी बोलायचं नाही," मसाला कंपनीच्या मालकीण अक्काताई पॉडकास्टच्या माइकला म्हणाल्या आणि सात मिनिटं गप्प राहिल्या.

जाहिरात सांभाळणाऱ्या निनादने ती सात मिनिटं कापून टाकली. "नुसतं चर्रचर्र कोण ऐकणार?"

सोमवारी फोनवर फोन. "रस्सा कच्चट लागतो. तुमचा मसाला परत घ्या!"

पस्तिसाव्या बाईंना अक्कांनी विचारलं, "कांदा किती परतलात?"

"तुमच्याबरोबरच की! पॉडकास्ट लावूनच केला रस्सा. मी कांदा टाकला आणि तुम्ही लगेच म्हणालात, मसाला घाला."

अक्कांनी निनादच्या हातात उलथनं ठेवलं.

पॉडकास्टचा नवा भाग:

चर्रर्र.

चर्रर्र.

चर्रर्र.

सहाव्या मिनिटाला निनादचा रडवेला आवाज, "अक्का, झाला ना लाल?"

"गप. हलवत राहा."