काळी पिशवी

डायव्हिंग करून आम्ही किनाऱ्यावर आलो, तर आमची सॅक वाळूत उलटी पडलेली! बाबांचा फोन गायब, दादाचे नवेकोरे बूटही गायब.

आईचा हात थेट गळ्याकडे गेला. पाण्यात उतरण्याआधी तिने मंगळसूत्र काढून माझ्याकडे सांभाळायला दिलं होतं. "गेलं गं माझं," म्हणत ती ओल्या सूटसकट मटकन खाली बसली.

"अगं, थांब तरी!" विखुरलेल्या कपड्यांतून मी एक काळी पिशवी उचलली. आत सॅनिटरी पॅडचं पाकीट आणि पाकिटात मंगळसूत्र! चोराने पिशवी उघडून बघितली होती, पण पाकिटाला हात लावायची काही त्याची हिंमत झाली नव्हती.

आईने मंगळसूत्र डोळ्यांना लावलं, मग माझ्यावर डोळे वटारले. "कार्टे, मंगळसूत्र कशात ठेवावं, काही कळतं का?"

"विचारलं असतं, तर ठेवू दिलं असतंस?"

ती खुदकन हसली. दादाचे कान लाल झाले आणि तो समुद्राकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरताना आईने सगळ्यांसमोर हाक मारली, "अगं, हे ठेव गं तुझ्या पॅडमध्ये!"

बाबांनी इकडेतिकडे बघत हळूच मनगटावरचं घड्याळ काढलं. "बाळा, अजून जागा आहे का गं?"