वेग

डॉक्टरबाईंनी मुलाच्या ओटीपोटावर गार जेल पसरून प्रोब टेकवला, तशी आईने त्याला दिलेली किडनी पडद्यावर उजळली.

“आई, तूच दटाव हिला. तीन वर्षं झाली, अजून माझं ऐकत नाही,” मुलगा हसला. त्याचे पाय मात्र सुजले होते.

“श्वास रोखा.” त्याच्याबरोबर आईनेही रोखला. डॉप्लरमधून रक्ताचा आवाज उसळला, कड्यावरून झेपावणाऱ्या पाण्यासारखा. पडद्यावरचे वेगाचे आकडे भराभर चढले, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“किती जोरात चाललंय हो! म्हणजे चांगलंच ना?”

डॉक्टरबाईंची नजर पडद्यावरून हलली नाही. “वाट अरुंद झाली की रक्त असं धावतं, काकू. किडनीपर्यंत फार थोडं पोचतंय. स्टेंट घालूनही धमनी पुन्हा तिथंच आवळलीय. आता आमच्या हाती फारसं उरलेलं नाही.”

“मग माझी दुसरी घ्या.”

“ती कुणी घेत नाही गं, आई,” मुलगा भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाला.

तिने उजव्या कुशीवर हात ठेवला. तिथे उरलेली किडनी पोटभर रक्त पीत स्वस्थ होती. आणि स्वतःच्या धडधाकटपणाची तिला आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली.